नवी झडप आणि पहिले काही दिवस

सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना जिना चढताना धाप लागू लागली, कधी घेरी आली, तर घरची मंडळी वयाला बोल लावून स्वस्थ बसतात. पुष्कळदा दोष असतो तो हृदयातून महारोहिणीकडे उघडणाऱ्या झडपेचा. चुन्याचे थर साचून ती आवळलेली असते. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात, १९६२ साली ते स्थापन झाल्यापासून, पंजाब-हरियाणातून आणि हिमाचलच्या डोंगरांतून हृदयाचे रुग्ण येत आले आहेत. आज अशा रुग्णांपुढे दोन वाटा असतात : छाती उघडून शस्त्रक्रिया, किंवा जांघेतील धमनीतून नळी सारून घडी केलेली नवी झडप जागच्या जागी उलगडणे. दुसरी वाट फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ साली प्रथम चोखाळली. गुजरातेत वापी येथे तयार होणाऱ्या झडपेलाही २०१८ साली परवानगी मिळाली.

ही वाट ऐकावयास सोपी वाटते. परंतु नवी झडप फुलते ती जुनीला बाजूस रेटून, आणि त्या रेट्याने चुन्याचा एखादा कण सुटून रक्ताबरोबर मेंदूकडे जाऊ शकतो. तेथे तो अडकला, की पक्षाघात! २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात महिनाभरात लहानमोठे झटके आलेले रुग्ण शेकडा साडेपाच होते. छाती उघडलेल्यांत ते २.४ होते. पुढे नळ्या बारीक झाल्या, हात सरावले. २०१९ सालच्या अभ्यासात, धडधाकट रुग्णांपुरते का होईना, पारडे उलटले : नळीने ०.६, शस्त्रक्रियेने २.४.

मग कण वाटेतच गाळून घ्यावेत, या विचाराने मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत घालण्याची बारीक जाळी निघाली. जाळीत कण खरोखरच सापडतात. पण ब्रिटनमध्ये साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली, तीत जाळी घातलेल्यांत शेकडा २.१ आणि न घातलेल्यांत २.२ जणांना झटका आला. डोळ्यांना दिसणारा पुरावा आणि रुग्णाचे हित यांत अंतर असते, ते असे. जाळीसाठी निराळा खर्च सांगितला गेल्यास हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवण्यात संकोच नको. पूर्वी पक्षाघात झाला आहे काय, नाडी अनियमित चालते काय, हेही त्याच वेळी सांगावे.

यांतील बहुतेक झटके पहिल्या दोन-तीन दिवसांतच येतात. म्हणून त्या काळात उशाशी बसणाऱ्याची नजर मोलाची. तोंड एका बाजूस ओढले जाणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे यांपैकी काही दिसताच, ‘थकवा असेल’ असे न म्हणता, परिचारिकेला हाक मारावी व घड्याळ पाहून ठेवावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. नुकत्याच झालेल्या उपचारामुळे ते द्यावे की धमनीतून गुठळी ओढून काढावी, हे डॉक्टर ठरवितील. परंतु झटका केव्हा आला हे त्यांना घरचेच माणूस सांगू शकते.

दूर डोंगरातल्या गावी परतावयाचे असेल, तर घाईने गाडी पकडू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणती, किती दिवस, हे कागदावर लिहून घ्यावे. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ती बंद करू नये. आणि गावापासून मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.