चरीचा संप आणि रशियाचा शेतकरी

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा भरली आणि खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन यापुढे कसायची नाही, असे ठरले. नेते होते नारायण नागू पाटील. आसपासची मिळून २५ गावे संपात उतरली. भाताची शेते पडीक राहिली. लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले आणि संप सुमारे सहा वर्षे टिकवला.

त्याच १९३३ सालात युक्रेन, कुबान आणि व्होल्गाकाठचा शेतकरी उपासमारीने मरत होता. त्यानेही नकारच दिला होता. सामूहिक शेतीत जाण्यापेक्षा अनेकांनी घरची गुरे कापली, धान्य जमिनीत पुरून ठेवले. सरकारचे उत्तर असे होते : धान्यवसुलीची पथके घरोघर गेली, सामूहिक शेतावरच्या धान्याच्या चोरीला देहान्तापर्यंतची शिक्षा ठरली आणि जानेवारी १९३३ मध्ये युक्रेन व कुबानच्या शेतकऱ्यांना अन्नाच्या शोधात प्रदेशाबाहेर पडण्याचीही मनाई झाली. त्या दुष्काळात सोव्हिएत देशात किमान ५० लाख माणसे गेली. धान्याची निर्यात मात्र थांबली नव्हती.

ही तुलना इंग्रज सरकारला प्रशस्तिपत्र देण्यासाठी नाही. चरीतही सभा-भाषणांवर बंदीहुकूम निघाले होते, आणि पुढे १९४३ मध्ये याच साम्राज्याने बंगालमध्ये लाखो माणसे उपाशी मरू दिली. तरीही प्रश्न उरतो. परक्यांच्या राज्यात, खोताच्या टाचेखाली असलेल्या कुळाला ‘कसणार नाही’ म्हणून सहा वर्षे तग धरता आला. मग शेतकरी-कामगारांच्या नावाने उभ्या राहिलेल्या राज्यात शेतकऱ्याला ते का जमले नाही? सगळा दोष स्टालिनच्या माथी मारून हा प्रश्न सुटत नाही. त्याला आयत्या मिळालेल्या हत्यारांपैकी बरीचशी लेनिनच्या हयातीतच घडवली गेली होती.

नोव्हेंबर १९१७ मध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम निघाला. जमीनदारांची मालकी कसलाही मोबदला न देता रद्द झाली. चरीच्या कुळाला अशी बातमी स्वर्गातून आल्यासारखी वाटली असती, हे मान्यच करायला हवे. रशियन क्रांतीचे आकर्षण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्याचे मूळ या हुकुमात आहे; ते भाबडेपण नव्हते. पण त्याच आठवड्यात विरोधी वृत्तपत्रे बंद करण्याचा अधिकारही सरकारने घेतला. परिस्थिती निवळली की तो मागे घेऊ, असे आश्वासन त्या हुकुमातच होते. डिसेंबरात ‘चेका’ हे गुप्त पोलीस दल उभे राहिले. दरम्यान, आधीच जाहीर झालेल्या संविधान सभेच्या निवडणुका पार पडल्या होत्या. बोल्शेविकांना जेमतेम चौथाई मते पडली. खेड्यापाड्यांतून बहुतेक मते शेतकऱ्यांमध्ये जुने काम असलेल्या समाजवादी क्रांतिकारी पक्षाकडे गेली. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एकदाच भरली. दुसऱ्या दिवशी दारे बंद होती.

क्रांतीचे समर्थक इथे यादवी युद्धाकडे बोट दाखवतात. ही सबब खोटी नव्हती. परकी सैन्ये रशियाच्या भूमीवर होती, शहरांत भाकरी नव्हती, आणि झारशाहीने लोकशाहीची कोणतीच सवय मागे ठेवलेली नव्हती. अशा काळात कोणतेही सरकार हात आखडता घेत नाही. म्हणून पाहायचे ते मार्च १९२१ कडे. तोवर यादवी युद्ध जवळपास जिंकून झाले होते. क्रोनस्टाटच्या आरमारी तळावरच्या नाविकांनी, म्हणजे एकेकाळी क्रांतीचा अभिमान मानल्या गेलेल्या तळानेच, सोव्हिएतांच्या मोकळ्या निवडणुका आणि कामगार-शेतकऱ्यांना बोलण्या-लिहिण्याचे स्वातंत्र्य मागितले. लाल सेना बर्फावरून चालून गेली आणि तिने बंड मोडले.

त्याच दिवसांत बोल्शेविक पक्षाची दहावी काँग्रेस, म्हणजे अधिवेशन, चालू होती. तिने दोन निर्णय घेतले. सक्तीची धान्यवसुली थांबवून ठरावीक कर आणि खुला बाजार दिला. आणि पक्षात गट करण्यावर बंदी घातली. पोटाला सवलत आणि तोंडाला कुलूप! बाहेरचे पक्ष तोवर नाममात्र उरले होते. आता पक्षातल्या माणसालाही चारजणांना बरोबर घेऊन मतभेद मांडता येईना. आमच्या मते रशियाचे वळण इथे ठरले. १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह, बुखारिन या पक्षातल्या नेत्यांना त्याने ज्या नियमात अडकवले, त्या नियमाच्या बाजूने या तिघांनीही एकेकाळी मान डोलावली होती. पुढची कथा परिचित आहे. १९३४ च्या काँग्रेसने निवडलेल्या १३९ केंद्रीय समिती सदस्य व उमेदवारांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घातल्या गेल्या, हे स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हनेच १९५६ मध्ये सांगितले.

चरीच्या कुळांच्या बाजूने उभे राहिलेले डॉ. आंबेडकर या साऱ्याकडे लक्षपूर्वक पाहत होते. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत आणले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. समतेसाठी झालेल्या रशियन क्रांतीचे त्यांना मोल होते. पण बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी नेमका मुद्दा धरला : हुकूमशाही तात्पुरती आहे असे म्हणता, तर ती संपणार कधी, आणि तिच्यामागून काय येणार? समतेसाठी स्वातंत्र्य आणि बंधुता यांचा बळी देणे त्यांना मान्य नव्हते.

चरी-अलिबागच्या याच किनाऱ्यावर रुजलेल्या शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्स-लेनिनवाद हाच आपला मार्ग म्हणून स्वीकारला. कागदावर हा मार्ग क्रांतीचा होता. अलिबाग, पेण, पनवेल, उरणमध्ये मात्र पक्ष वाढला तो मोर्चे, सहकारी संस्था, जिल्हा परिषद आणि विधानसभा यांतून. मूळ सिद्धान्ताला मुरड पडली, असे कडवे लेनिनवादी म्हणतील. पडली हे बरेच झाले. आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मतपेटी असली म्हणजे बंदूक चालत नाही असे नाही. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या भावासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात याच पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. हा गोळीबार लोकांनी निवडलेल्या सरकारच्या राज्यात झाला. फरक एवढाच की त्यानंतरही दि. बां.ना बोलता आले, वृत्तपत्रांना छापता आले, सरकारला वाटाघाटीला बसावे लागले, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण त्यातून आले. ते धोरण पुरेसे होते का, आणि ते नीट अमलात आले का, यावर उरण-पनवेलमध्ये आजही भांडण आहे.

शेकापवर घराणेशाहीची टीका होते, ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण २०१९ मध्ये अलिबागची विधानसभेची जागा या पक्षाने गमावली, तेव्हा त्याने पराभव मान्य केला. १९१८ च्या जानेवारीत पेत्रोग्राडमध्ये संविधान सभेसाठी रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्या बोल्शेविकांना एवढेच मान्य करायचे नव्हते म्हणून.