कॅरेज

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची येझदी पंधरा वर्षं उभी होती. 1981 चं मॉडेल. 2009 मध्ये वडील गेले आणि गाडीवर आधी चादर, मग गोणपाट, मग घरातली अडगळ चढत गेली. परवाच्या उन्हाळ्यात पेपर तपासून संपले आणि मी जाहीर करून टाकलं, गाडी चालू करायची, घरीच करायची आणि पंधरा हजारांत बसवायची. आमच्या सौ. धारवाडच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "निमग हुच्च हिडदद."

येझदी ही तशी म्हैसूरची लेक. तिथल्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून आधी जावा आणि पुढे येझदी तयार झाली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2022 साली ते नाव बाजारात परत आलं, पण नवीचं इंजिन फोर-स्ट्रोक, आमचं टू-स्ट्रोक. त्यामुळे सुटे भाग शोधायचे ते जुन्या बाजारात, नाहीतर जुन्या मिस्त्रीकडे.

चिरंजीवांचा बेत वेगळाच होता. मागचा मडगार्ड कापायचा, एकट्यापुरती सीट, हँडल खाली आणि सायलेन्सर एकच. "एका सिलिंडरला दोन सायलेन्सर कशाला, पप्पा?" अरे, त्या सिलिंडरला धूर सोडायची तोंडंच दोन आहेत! शिवाय, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत सांगितलंय, हे मी त्याला वर्गात शिकवावं तसं ऐकवलं. कारखान्यातून निघाली तशीच गाडी उभी करायची, हा माझा हट्ट. वादात मी जिंकलो. प्राध्यापकाला घरात असे प्रसंग कमी येतात.

टाकीतला गंज काढायला व्हिनेगर आणि मूठभर नट घातले, रात्रभर ठेवून सकाळी दोघांनी आळीपाळीनं हलवली. लाल पाणी निघालं, मग सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि उन्हात वाळवली. कार्बुरेटर उघडून जेटमधली घाण काढली. पॉइंट घासून फट 0.4 मिलिमीटर ठेवली. एवढं घरी जमलं.

इंजिनला मात्र मिस्त्री लागलेच. सिलिंडरचं बोअरिंग उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये झालं, नवा पिस्टन आला. मी ऑइल सील जुनेच ठेवून पैसे वाचवायला निघालो होतो. मिस्त्रींनी हात धरला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हवाबंद लागते. एका बाजूचं सील गळलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टन धरतो. दुसऱ्या बाजूचं गळलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी गल्लीभर पांढरा धूर सोडते. शेकड्यांत येणाऱ्या सीलवर कंजुषी केली की हजारांचं काम पाण्यात. रंगावर वाचवा, क्रोमवर वाचवा, इथं नको. मी ऐकलं. तरी पंधराचे तेवीस हजार झालेच, आणि वडिलांच्या नावावरचे कागद माझ्या नावावर करायच्या खेपा वेगळ्या.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, लिटरमागे 40 मिली ऑइल घालून, आठव्या किकला गाडी सुरू झाली. "एंजिन चलो ऐतरी सर," मिस्त्री म्हणाले. आवाज ऐकून आई काठी टेकत बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली.

"बरी दिसतेय, खरं कॅरेज कुठाय?"

मागचं लोखंडी कॅरेज कंपनीचं नव्हतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी ते काढून बाकीच्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याला दिलं होतं. अकरा किलो भरलं होतं सगळं.

मग आईनं सांगितलं ते मला नवीन होतं. 1986 मध्ये ते कॅरेज तिनं करून घेतलं होतं, स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून. खानापूर तालुक्यातल्या माहेरून तांदळाचं पोतं यायचं ते त्यावर. शिवून झालेल्या कपड्यांचे गठ्ठे त्यावर. लायसन, कागद सगळं वडिलांचं. गाडीवर तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेलो. माल केव्हाच पुढे गेला होता.

मिस्त्री घरी आले. आईनं शहाबादी फरशीवर खडूनं कॅरेज काढलं. दोन आडव्या सळ्या, मागं वळलेली कड, दोरी बांधायला दोन कड्या. मिस्त्रींनी मापं विचारली कन्नडमध्ये, तिनं वितीनं मोजून उत्तरं दिली कन्नडमध्येच. मी मध्ये काहीतरी सुचवलं. "तू गप बस," ती म्हणाली.

या वेळी मडगार्डला वेल्डिंग नाही, नटबोल्टनं बसवलंय. मजुरीसह साडेचारशे झाले. मी पाकीट काढेपर्यंत आईनं चष्म्याच्या डबीतून पाचशेची घडी केलेली नोट मिस्त्रींच्या हातात ठेवली आणि पन्नास परत मागून घेतले.