नारायणगावची शॅम्पेन

मी शॅम्पेनचा थेंबही चाखलेला नाही, हे गुरुजनांच्या माहितीसाठी आधीच सांगून टाकतो. तरीही हा विषय घेतला, कारण शॅम्पेनचे एक घराणे आपल्या चिंचवडपासून साठ-सत्तर किलोमीटरवर उभे राहू पाहत होते. नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकले की नारायणगाव. तेथे शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात 'शॅम्पेन इंडेज'चा कारखाना काढला. पायपर-हाइडसिक या जुन्या फ्रेंच घराण्याचे तंत्र घेतले आणि 'ओमर खय्याम' व 'मार्कीज द पाँपादूर' अशा नावांची फेसाळ वाइन करून ती परदेशी पाठविली. त्या काळी हे धाडस थोडेथोडके नव्हते.

कारण ही वाइन म्हणजे मोठा खटाटोप. तयार वाइनमध्ये साखर व यीस्ट घालून ती बाटलीतच पुन्हा आंबवायची. वायू आत कोंडतो, तोच पुढे फेस होतो. पण गाळही आतच राहतो. तो काढण्याची युक्ती व्हव क्लिको या घराण्यात निघाली. 'व्हव' म्हणजे विधवा! 1805 साली, पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर असताना, सत्तावीस वर्षांच्या बार्ब-निकोल क्लिकोचा नवरा वारला आणि तिने पेढी स्वतःच्या हाती घेतली. भोके पाडलेल्या मेजात बाटल्या उलट्या खोचून तिची माणसे त्या थोड्याथोड्या फिरवीत. गाळ बुचाशी उतरला की बूच काढून तो उडवून द्यायचा. लग्नसमारंभात फुटणाऱ्या त्या बाटलीवर आजही 'विधवा' हा शब्द मिरवतो. आपल्याकडे हे कोणाला सुचले असते?

या घराण्यांची मला वाटणारी ओढ ती हीच. बाटलीवर त्यांच्या माणसाचे आणि मातीचे नाव असते. नारायणगावच्या बाटलीवर मात्र एक इराणी कवी आणि पंधराव्या लुईची प्रेयसी! परक्या बाजारात असेच नाव खपते, असे म्हणतील. असेलही. पण तंत्र उसने घेतले म्हणून नावही उसने घ्यावे लागते असे नाही. आपल्या शेजारच्या आकुर्डीत बजाजने इटालियन स्कूटरचे तंत्र घेतले; 1971 मध्ये तो करार संपला आणि पुढे स्कूटर आली ती राणा प्रतापाच्या घोड्याच्या नावाने. 'चेतक' कोणाला परकी वाटली? आणि खय्यामच हवा होता, तर त्याला मराठीत आणणाऱ्या माधव ज्यूलियनांची 'द्राक्षकन्या' आयती होती की!

गंमत अशी की, नावाचे मोल त्याच गावाला ठाऊक होते. विठाबाई भाऊ मांग यांनी गावाचे नाव आपल्या नावापुढे लावले. फड घेऊन त्या गावोगाव हिंडल्या, राष्ट्रपतिपदक मिळविले, आणि 'नारायणगावकर' म्हटले की महाराष्ट्राला दुसरे काही सांगावे लागले नाही.

इंडेज बुडाली ती नावामुळे नव्हे. तिने इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील कंपन्या विकत घेतल्या, कर्ज वाढले, 2008ची मंदी आली आणि अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती गुंडाळली गेली. पुढे 2013 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीची फेसाळ वाइन बाजारात आली. करणारे घराणे फ्रेंच, द्राक्षे आपली. बाटलीवर नाव 'शाँदों'.