उन्हाची बेगमी, पावसाचा निरोप



पावसाळा सरल्यावर मीरा-भाईंदरच्या उत्तनला गेलात, तर किनाऱ्याला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळताना दिसतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांची बेगमी कोळीणबाई ऊन आहे तोवर करून ठेवते. आपल्या मंडळातल्या हवामान केंद्राचा संसारही असाच उन्हावर चालतो.

२०१७ साली राज्यात महावेध प्रकल्प सुरू झाला आणि महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता मोजायची आणि बिनतारी निरोपाने पुढे कळवायची, हे त्यांचे काम. सोलर पॅनेल वीज कमावते, बॅटरी ती साठवते.

मोजायला वीज थोडी लागते, निरोप धाडायला जास्त. आभाळ भरले की कमाई घटते आणि पावसाचा आकडा नेमका तेव्हाच हवा असतो. म्हणून अशा यंत्रांनी तीन गोष्टी पाळायच्या असतात.

पहिली, मोजणी वारंवार करावी, पण निरोप एकत्र बांधून ठरल्या वेळी धाडावेत. मधल्या वेळात झोप घ्यावी.

दुसरी, बॅटरी भरल्यावरचे ऊन वाया जाते. म्हणून उन्हात सढळ हाताने बोलावे, मळभात हात आखडावा. अतिवृष्टीच्या निरोपापुरती शिल्लक मात्र मोडू नये.

तिसरी, एका शिवारात अनेक यंत्रे असतील तर पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावावी. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. निरोप पुन्हा धाडावा लागतो आणि वीज फुकट जाते.

तुम्ही म्हणाल, "साहेब, हे यंत्रवाल्यांनी पाहावे." पण हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातल्या केंद्राच्या आकड्यांवरच ठरते. ऐन वेळी केंद्र मुके झाले, तर आंब्या-काजूचे नुकसान तुमच्या डोळ्यांना दिसेल, कागदाला दिसणार नाही.

तेव्हा येता-जाता केंद्राकडे नजर टाका. पॅनेलवर धूळ, पाखरांची विष्ठा किंवा वाढलेल्या फांदीची सावली दिसली, तर तालुका कृषी कार्यालयाला कळवा. स्वतः हात लावू नका. कुंपणाला गुरे बांधू नका, वेल चढू देऊ नका.

हे सारे मृगापूर्वी करा. एकदा झड लागली, की बेगमी करायची वेळ निघून गेलेली असते.