वाढत्या अंगाची फिन

परवा आईचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाली, "सूनबाई म्हणत होती, त्या फळीसाठी पुन्हा काहीतरी आणलंस म्हणे. आहे ना एक?" आता फोनवर काय सांगणार? म्हणून आज हे लिहायला बसलोय. ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या मित्रमंडळींनी थोडं सांभाळून घ्यावं, कारण आजची पोस्ट मुख्यतः मातोश्री आणि समस्त मावश्यांसाठी आहे.

तर 'फळी' म्हणजे विंडसर्फिंगचा बोर्ड. त्यावर एक शीड असतं, ते हातात धरून उभं राहायचं आणि वाऱ्याबरोबर पळायचं. त्या फळीच्या बुडाशी, मागच्या टोकाला माशाच्या परासारखं एक पातं बसवलेलं असतं. ते म्हणजे फिन. वारा शिडाला पुढे ढकलतो तसा बाजूलाही ढकलतो. ती बाजूची ढकल पाण्याखाली कुणीतरी अडवावी लागते, नाहीतर फळी खेकड्यासारखी तिरकी सरकत जाते. हळू जाताना हे काम फळीचं बूड आणि मधलं मोठं पातं (असलं तर) वाटून घेतात. पण वेग आला, फळी पाण्यावर तरंगून सुटली, की जवळजवळ सगळा भार त्या एकट्या फिनवर येतो. सर्फिंगच्या फळीला पहिल्यांदा फिन लावली ती टॉम ब्लेकने, १९३५ साली. त्याआधी लोक पाय पाण्यात घालून फळी वळवायचे म्हणे.

इथवर सोपं आहे. भांडण सुरू होतं ते 'केवढी?' इथे.

आम्ही जातो ते शर्मन आयलंडला. सॅक्रामेंटो नदी खाडीकडे निघते तिथे. उन्हाळ्यात आतला सपाट मुलूख भट्टीसारखा तापतो आणि समुद्रावरची गार हवा या नदीच्या वाटेने आत घुसते. त्यामुळे वारा अगदी दुकानदाराच्या वेळेवर येतो. गेल्या जुलैत मी आमच्या कन्यारत्नाला तिथे घेऊन गेलो. वय १४, वजन ४८ किलो. मी ८२ किलो (आई, ८२च. काळजी नको). फळी एकच, ७५ सेंटिमीटर रुंद, आळीपाळीने वापरायची. मी स्वतःला फार विचारी बाप समजतो, त्यामुळे तिच्यासाठी सगळं बेतून नेलं होतं. माझं शीड ६.५ चौरस मीटरचं, तिला ४.७ चं आणलं. धरायची दांडी खाली घेतली. पायाचे पट्टे आवळले. लाइफ जॅकेट तिच्या मापाचं. आणि फिन? फिन फळीबरोबर आली होती तीच. ४६ सेंटिमीटर.

वेग आला की फळीची वाऱ्याकडची कड उचलली जायची, फळी काटकोनात उभी राहू पाहायची आणि पोरगी पाण्यात. पुन्हा चढायची, पुन्हा पाण्यात. मी काठावरून ओरडत होतो, "मागच्या पायाने दाब! अंग टाक! जोर लाव ना जरा!" असं दीड तास. शेवटी ती फळी ओढत काठावर आली, मनगट चोळत बसली आणि म्हणाली, "बाबा, मला नाही जमत. माझ्यात तेवढी ताकद नाहीये." आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, प्रॅक्टिस केली की येते ताकद."

हे वाक्य मला अजून बोचतं.

शेजारी एक म्हातारेबुवा आपलं शीड गुंडाळत होते. त्यांनी काही न विचारता आमची फळी उलटी केली, फिनवर टिचकी मारली आणि मला विचारलं, "ही कुणाच्या मापाची? तुझ्या की हिच्या?"

झालं. लख्ख प्रकाश पडला. मी दिसतं ते सगळं बदललं होतं, पाण्याखालचं तेवढं विसरलो होतो.

त्यातलं गणित असं. फिन पाण्यात किती जोर धरते ते तिच्या आकारावर अवलंबून असतं आणि वेगाच्या वर्गावर. वेग दुप्पट झाला की त्याच पात्याचा जोर चौपट. म्हणून मंद वारा, मोठं शीड, जड माणूस, रुंद फळी असं असेल तर मोठी फिन हवी. जोराचा वारा, लहान शीड, हलका माणूस, तर लहान. जोराच्या वाऱ्यात मोठी फिन लावली की ती हवा त्याहून जास्त जोर धरते, आणि तो जोर फळीची कड उचलण्यात खर्च होतो. मी ८२ किलो घेऊन ती कड कशीबशी दाबून धरत होतो. ४८ किलोने काय दाबणार? हा ताकदीचा नव्हे, मापाचा प्रश्न होता.

याला उत्तर म्हणून आमच्या काठावरचे जाणकार नेहमी एक सांगतात, "मोठीच घे बाबा, निदान परत तरी येशील." त्यात तथ्य आहे. पहिल्या वर्षी मी मिजाशीत छोटी फिन लावून मोठ्या शिडाने गेलो होतो. लाटेवर पाय जरा जोरात रेटला की फिनची पकड सुटायची. पात्याभोवतीचा प्रवाह तुटतो, पृष्ठभागावरची हवा आत खेचली जाते आणि फळीचं शेपूट निसरड्या मोरीत पाय घसरावा तसं सर्रकन बाजूला जातं. याला स्पिनआउट म्हणतात. वाऱ्याच्या उलट्या दिशेला चढता येईना, वाहत खाली गेलो आणि मग फळी डोक्यावर घेऊन बांधावरच्या रस्त्याने वरात काढत परत आलो. तेव्हा लहान फिन म्हणजे शहाणपण, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की 'मोठी घ्या' हा सल्ला देणारा बहुधा स्वतः मोठा असतो. :) आणि फळीबरोबर येणारी फिन ही कुणातरी मध्यम वजनाच्या पुरुषाच्या हिशेबाने आलेली असते. ती नियम नव्हे, सुरुवात आहे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. २००८ ते २०२० च्या ऑलिंपिकमध्ये आरएस:एक्स नावाची फळी होती. पुरुषांना आणि बायकांना फळी तीच. पण पुरुषांचं शीड ९.५ चौरस मीटर आणि फिन ६६ सेंटिमीटर, बायकांचं शीड ८.५ आणि फिन ६०. शिडाबरोबर फिनही बदललेली. (२०२४ च्या पॅरिसपासून तिथे फिन जाऊन फॉइल आलं आणि फळी पाण्यावरून उडू लागली. तो वेगळा विषय.)

म्हणून माझं ठाम मत: एक फळी दोघांनी वापरायची तर फिन दोन हव्यात. एकट्यानेच वापरायची असली, तरी शीड दीड-दोन चौरस मीटरने बदललं की फिनही बदलावी. नवीन फळीवर पैसे उधळण्याआधी दुसरी फिन लावून बघावी. विकत घेताना खोबण तपासावी, कारण पॉवर बॉक्सची फिन टटल बॉक्समध्ये बसत नाही. आणि पाणी बघावं. आमच्याकडे जलपर्णी आहे. हो, आपल्या मुळा-मुठेत असते तीच! तिथे सरळ उभी फिन शेवाळ आणि मुळं गोळा करत बसते, म्हणून मागे झुकलेली वीड फिन लावतात. ती लांबीला कमी पण पसरट असते, त्यामुळे तिथे नुसते सेंटिमीटर मोजून चालत नाही.

आई, तुला आठवतं, तू मला शाळेचे बूट कायम एक नंबर मोठे घ्यायचीस? 'वाढत्या अंगाचे' म्हणून. पुढे कापूस कोंबून मी वर्षभर फटक फटक चालायचो आणि खो-खोत मास्तर ओरडायचे, याच्या पायात जोर नाही. मलाही खरंच वाटायचं, नाहीये. तुझी चूक नव्हती, तेव्हा पगारच तेवढा होता. पण मला तीही सबब नव्हती. मी पोरीला वाढत्या अंगाची फिन दिली आणि वर तिच्याकडूनच ताकद मागितली.

तर आता ३४ सेंटिमीटरची आणली आहे. जादू वगैरे काही झाली नाही. पहिल्या दिवशी ती तरीही पडत होती, पण फळी उभी राहायची थांबली. चौथ्या फेरीत पलीकडच्या लाल बोयापर्यंत गेली आणि परत आली. काठावर आल्यावर काही बोलली नाही. घरी येऊन फिनवर निळी चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहिलं आणि मला बजावलं, "बाबा, ही तुझी नाही."

नाहीच आहे.

ता. क. आई, ४० डॉलरला पडली. तीही सेकंडहँड.