पोच आणि उत्तर

खामगावच्या बाजारात सरकी-ढेपेचा व्यापार करणारे आमचे एक स्नेही आहेत. पेढीवर आलेल्या कागदाची पोच दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गेल्या श्रावणात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया नागपुरास ठरली आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या कन्येला यावयाचे होते. पण तिला निघता येईना.

तिच्या नोकरीच्या व्हिसाची मुदत संपली होती. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असताना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर ती तेथे राहत होती. अशा अवस्थेत ‘ॲडव्हान्स पॅरोल’ ही परवानगी हाती नसताना देश सोडला, तर मूळ अर्जच सोडून दिला असे धरले जाते. (वैध एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर असणाऱ्यांना यातून सवलत आहे.) तिने परवानगीचा अर्ज केलेला होता. त्याची पोचही आली होती, तीन अक्षरे आणि दहा आकडे. उत्तर मात्र येत नव्हते.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून साडेसहाला आई फोन लावी. तेथे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असत.

“बेटा, काही कळलं का गं?”

“आई, यंत्रच बोलतंय. माणूस लागतच नाही.”

अखेर माणूस लागला. तातडीच्या विचाराची विनंती नोंदवली गेली, आणि काही दिवसांनी उत्तर आले की जोडलेला पुरावा पुरेसा नाही. येथे चूक आपली होती, हे मान्य केले पाहिजे. डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर घाईच्या अक्षरात दीड ओळ होती: रुग्णास हृदयविकार, शस्त्रक्रियेचा सल्ला. तारीख नाही, रुग्णाचे पूर्ण नाव नाही. विम्याचा दावा करताना आपण यापेक्षा दसपट कागद गोळा करतो. मुलीला घरी आणण्यासाठी मात्र एक चिठ्ठी पुरेल असे आपल्याला वाटते! दूरदेशी टेबलामागे बसलेल्या मनुष्यास खामगाव कोठे आहे हेही ठाऊक नसते. त्याला जे काही कळणार, ते त्या एका कागदातूनच.

दुसऱ्यांदा स्नेह्यांचे चिरंजीव स्वतः रुग्णालयात जाऊन बसले. इंग्रजीत टंकलिखित पत्र मिळवले. त्यात आजाराचे नाव, शस्त्रक्रियेचा निश्चित दिनांक, कन्येची उपस्थिती का आवश्यक आहे त्याचे कारण, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि दूरध्वनी, सारे होते. पुढे नात्याचा पुरावा. कन्येचा नगरपालिकेचा जन्मदाखला मराठीत. त्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे, पासपोर्टवर दुसऱ्या प्रकारे, आणि कन्येचे आडनाव लग्नानंतर तिसरेच. बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या दाखल्यांची ही कथा घरोघरची आहे. दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरावर ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ अशी भाषांतरकाराची सही लागते. त्यासाठी नोटरीची सक्ती नाही. येथील एका निवृत्त शिक्षकांनी ते काम एका दुपारी करून दिले. आडनावाच्या फरकासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडला.

याच सुमारास कन्येला आणखी एक दार कळले. अमेरिकेच्या प्रतिनिधी-सभेत ४३५ सदस्य असतात आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे २. या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत, सरकारी खात्यांकडे अडकलेल्या प्रकरणांची चौकशी करण्यासाठीच माणसे नेमलेली असतात. “मी तर तिथली मतदार नाही,” म्हणून ती संकोचत होती. तशी अट नसते. त्या मतदारसंघात राहणे पुरते. माहिती पाहण्यास संमती देणाऱ्या पत्रावर अर्जदाराची स्वतःची सही हवी, आणि शुल्क काही नाही. ते कार्यालय निर्णय बदलू शकत नाही, पण चौकशी करू शकते. आपल्याकडे आमदारांच्या कचेरीत ज्या सहजतेने आपण जाऊन बसतो, ती सहजता परदेशी गेलेली मुले का विसरतात, कोण जाणे.

नवे कागद जोडून तिने पुन्हा फोन केला. या वेळी स्थानिक कार्यालयात प्रत्यक्ष भेटीची वेळ मिळाली. तातडीच्या प्रसंगी तशी सोय असते; भरलेला अर्ज, शुल्क, छायाचित्रे आणि पुरावे बरोबर न्यावे लागतात. त्या भेटीतच परवानगी हातात पडली. प्रतिनिधींच्या कार्यालयाची चौकशीही त्याच आठवड्यात गेली होती. दोहोंपैकी कशाने काम झाले, हे कन्येलाही सांगता येत नाही.

ती नागपुरास पोहोचली तेव्हा शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झाले होते. वडील उशीला टेकून बसले होते. तिने पाय धरले, डोळे पुसले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिच्या पिशवीकडे हात केला. ती परवानगी मागून घेतली, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी घालून परत दिली.

“याची झेरॉक्स काढून ठेव,” म्हणाले, “परत जाताना लागेल.”