बालवाडी नसलेले बालविकास महाविद्यालय

बारावीच्या निकालानंतर तालुक्याच्या गावांत बालशिक्षिका प्रशिक्षणाच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत इमारत असते, संगणककक्ष असतो, नोकरीची हमीही असते, परंतु विद्यार्थिनी ज्यांच्याविषयी शिकणार, त्या मुलांचा उल्लेख क्वचितच सापडतो. प्रवेशाच्या दिवसांत हे सदर बालवाडी पाहूनच प्रवेश घेण्याचा जो आग्रह धरत आले आहे, तो यंदाही धरणे म्हणूनच भाग आहे.

बालशिक्षिका होण्यासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व बालशिक्षणाची पदविका घरी राहूनही करता येते. अधिक शिकू इच्छिणाऱ्यांसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. पूर्वी गृहविज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत चार वर्षांच्या पदवीत मानव विकास, म्हणजे जन्मापासून वृद्धत्वापर्यंतच्या वाढीचा अभ्यास, हा विषय शिकवला जातो.

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावातील घरात मात्र निर्णयाचा आरंभ अंतरापासून होतो. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. त्यापुढे प्रवासाचा खर्च, वसतिगृह आणि संध्याकाळची परतीची बस हे प्रश्न एकदम उभे राहतात, आणि त्यामुळे सेलूतला जवळचा वर्ग सोयीचा वाटावा यात गैर काही नाही. गैर आहे ते मान्यतेची चौकशी न करता शुल्क भरणे; कारण मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर पुढचा प्रवेश मिळत नाही, शासकीय सवलतीही मिळत नाहीत, आणि कापसाच्या पैशातून भरलेले शुल्क वाया जाते.

मान्यतेइतकीच महत्त्वाची चौकशी प्रयोगशाळा-बालवाडीची आहे, म्हणजे महाविद्यालयाला जोडलेल्या आणि रोज भरणाऱ्या बालवाडीची, जिथे विद्यार्थिनी मुलांचे निरीक्षण करून नोंदी ठेवतात. तीन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते की बोटांत, यावरून बोटांच्या लहान स्नायूंची वाढ कळते. मात्र एका दिवसाच्या नोंदीवरून मूल मागे आहे असे ठरवता येत नाही, आणि हा सावधपणा अनेक मुलांसोबत महिनोन्‌महिने राहिल्यावरच अंगी येतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचे काम येथे आठवणे अपरिहार्य आहे. 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले, तेव्हा वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, गाणी म्हणणे, माती-पाने-शंखांची साधने बनवणे हाच अभ्यासक्रम ठरला. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजाच्या मुलांमध्ये वाढले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे चराईच्या रानातच भरणारी शाळा, निघाली. आयात केलेली महागडी साधने गावाला परवडणार नाहीत हे या दोघींनी मुलांजवळ बसून ओळखले, आणि देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ त्या अनुभवात आहे. मराठी बालशिक्षणाची ही थोर परंपरा असताना मुलांवाचून बालविकास शिकवला जावा, हे क्लेशकारक आहे.

अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्यातील अंगणवाडी सेविका गावातलीच असावी लागते आणि महाराष्ट्रात आता ती किमान बारावी उत्तीर्ण असावी लागते. आज प्रवेश घेणारी मुलगी उद्या वालूरच्याच मुलांसमोर उभी राहू शकते. म्हणून पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र पाहावे, कामाच्या दिवशी सकाळी बालवाडी भरलेली असताना महाविद्यालयात जावे आणि विद्यार्थिनी आठवड्यातून किती तास मुलांसोबत असतात हे विचारावे. ज्या संस्थेला याचे स्पष्ट उत्तर देता येत नाही, ती घराजवळ असली तरी निवडू नये.